एकाच घराण्यातली इंजिने: भागांच्या अदलाबदलीतून घनक्षमता वाढवण्याविषयी

मोटारीच्या इंजिनाची घनक्षमता तीन गोष्टींवर ठरते: सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर, पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव म्हणजे स्ट्रोक, आणि सिलिंडरांची संख्या. बोअर वाढवायचा तर ब्लॉकच्या भिंती आतून कापाव्या लागतात, आणि भिंतीची जाडी संपली की ती वाटही संपते. जुन्या गाडीचे इंजिन-काम करताना गॅरेजमध्ये बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालतात, तेव्हा सीसी थोडी वाढतेच. पण तो झिजेवरचा उपाय असतो आणि त्याने क्षमतेत पडणारा फरक किरकोळ असतो. स्ट्रोक मात्र क्रँकशाफ्ट ठरवतो. क्रँकचा मध्य आणि कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक ज्या पिनवर बसते तिचा मध्य, यांतल्या अंतराची दुप्पट म्हणजे स्ट्रोक. क्रँक बदलला की सगळ्या सिलिंडरांची धाव एकदम बदलते. नवा क्रँक घडवून घेणे खर्चाचे आणि मोठ्या यंत्रांचे काम आहे. पण त्याच कंपनीने मोठ्या इंजिनासाठी जास्त धावेचा क्रँक आधीच बनवलेला असेल आणि तो लहान इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवता येत असेल, तर भंगारात निघालेल्या दोन इंजिनांतून तिसरेच इंजिन उभे राहते, ज्याचा आकडा कंपनीच्या कोणत्याही यादीत नसतो.

हे शक्य होते ते कारखान्याच्या काटकसरीमुळे. ब्लॉक ओतण्याचे साचे आणि त्यात ओळीने छिद्रे पाडणारी यंत्रे अतिशय महाग असतात. दोन सिलिंडरांच्या मध्यांमधले अंतर, क्रँक आणि कॅमशाफ्ट यांच्यातले अंतर, क्रँकच्या मध्यरेषेपासून ब्लॉकच्या वरच्या सपाटीपर्यंतची उंची ही मापे एकदा ठरली की त्यांना हात लावणे म्हणजे सगळी यंत्ररांग पुन्हा उभी करणे. म्हणून कंपन्या ही मापे कायम ठेवून फक्त बोअर आणि स्ट्रोक बदलत वेगवेगळ्या क्षमतेची इंजिने काढतात. इंजिनांचे घराणे ओळखायचे ते या न बदलणाऱ्या मापांवरून. बॉनेटवरचा बिल्ला, विक्रीचे नाव किंवा दिसण्यातले साम्य यांचा इथे काही उपयोग नाही. उलट त्यांनी बऱ्याच जणांची फसगत केली आहे.

भागांच्या अदलाबदलीचा हा उद्योग रुजला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. फोर्डने १९३२ मध्ये स्वस्त मोटारीत आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन दिले. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेले, सपाट हेडचे. त्याची क्षमता २२१ घन इंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर होती. १९३९ मध्ये फोर्डचीच महागडी बहीण मर्क्युरी बाजारात आली, तिच्यात मोठ्या बोअरचे २३९ घन इंचांचे इंजिन होते, आणि १९४९ मध्ये मर्क्युरीला पावणेचार इंचांऐवजी चार इंच धावेचा क्रँक मिळाला. हा क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसत होता. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर जुन्या फोर्ड पळवणाऱ्या तरुणांनी तो भंगारवाल्यांकडून उचलायला सुरुवात केली. ब्लॉक ३ ५/१६ इंचांपर्यंत बोअर करून त्यात मर्क्युरीचा क्रँक घातला की २७६ घन इंच होत. कुशल कारागीर आणखी पुढे गेले. जुन्या फोर्डच्या रॉडचे बेअरिंग मर्क्युरीच्या पिनपेक्षा लहान मापाचे होते, म्हणून पिन त्या मापापर्यंत ग्राइंड करताना ते तिचा मध्य मुद्दाम बाहेरच्या बाजूला सरकवत. यातून धाव आणखी १/८ इंच वाढे. ३ ३/८ बोअर आणि ४ १/८ स्ट्रोक यांचा २९६ घन इंचांचा फ्लॅटहेड हा त्या काळातला मानाचा आकडा होता. बाहेरून ते इंजिन रोजच्या वापरातल्या साध्या फोर्डच्या इंजिनासारखेच दिसे.

पुढच्या पिढीत ही जागा शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ ने घेतली. एड कोल हे शेव्हरोलेचे मुख्य अभियंता असताना हे इंजिन तयार झाले आणि १९५५ च्या मॉडेलांत आले. भागांच्या अदलाबदलीचा विषय शिकायला याहून चांगले उदाहरण नाही, कारण या घराण्याचा विस्तार प्रचंड आहे आणि त्यातली मापे स्वच्छ आहेत. सिलिंडरांच्या मध्यांमधले अंतर ४.४० इंच, ते कधी बदलले नाही. पहिले इंजिन २६५ घन इंचांचे, बोअर ३.७५ आणि स्ट्रोक ३.००. १९५७ मध्ये बोअर ३.८७५ झाला आणि २८३ निघाले. १९६२ मध्ये बोअर ४.०० आणि स्ट्रोक ३.२५ करून ३२७. १९६७ मध्ये तोच चार इंचांचा बोअर आणि ३.४८ स्ट्रोक घेऊन ३५०, जे पुढे तीस-पस्तीस वर्षे ट्रकपासून कॉर्व्हेटपर्यंत सगळीकडे दिसत राहिले. १९७० मध्ये ४.१२५ बोअर आणि ३.७५ स्ट्रोकचे ४००. हे शेवटचे इंजिन त्या चौकटीत मावेल तेवढे मोठे केलेले होते. इतके, की शेजारच्या सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना चिकटल्या आणि त्यांच्यामधून पाणी फिरायला वाट उरली नाही. तिथे साठणारी वाफ निघून जावी म्हणून ब्लॉकमध्ये आणि हेडमध्ये बारीक छिद्रे ठेवावी लागली. ४०० वर दुसऱ्या इंजिनाचे हेड चढवताना ही छिद्रे पाडून घ्यायची राहिली, तर इंजिन तापते.

भागांच्या अदलाबदलीची युक्ती हौशी लोकांची आणि कंपनीला नावडती, असा समज आहे. तो खरा नाही. शेव्हरोलेने स्वतःच आपल्या कपाटातले भाग उलटसुलट जोडून नवी इंजिने काढली. १९६८ चे ३०७ म्हणजे २८३ चा बोअर आणि ३२७ चा स्ट्रोक, इतकेच. त्याहून प्रसिद्ध आहे कमॅरो झेड/२८ चे ३०२. अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-ॲम शर्यतींत इंजिनाला ३०५ घन इंचांची, म्हणजे पाच लिटरची मर्यादा होती. ३२७ आणि ३५० तिच्या वर जात होती, आणि २८३ फारच खाली राहत होते. तेव्हा चार इंची बोअरच्या ब्लॉकमध्ये २८३ चा तीन इंची स्ट्रोक घालून ३०१.६ घन इंच साधले. हौशी लोक २८३ चा ब्लॉक चार इंचांपर्यंत बोअर करून नेमके हेच माप आधीपासून काढत होते. जिथे भिंत परवानगी देई तिथे. कंपनीने जाड भिंतीच्या ब्लॉकमध्ये तेच नीट केले. पहिल्या वर्षी, १९६७ मध्ये, अशा ६०२ गाड्या विकल्या गेल्या. कागदावर शक्ती २९० अश्वशक्ती लिहिली होती, आणि ती मुद्दाम कमी सांगितली आहे असे तेव्हापासून सगळे मानत आले आहेत.

३०२ मध्ये स्ट्रोक कमी केला होता. उलट्या दिशेचा, म्हणजे क्षमता वाढवण्याचा, सगळ्यात गाजलेला मेळ म्हणजे ३८३. ३५० चा ब्लॉक, झिजेमुळे ०.०३० इंच बोअर केलेला, आणि त्यात ४०० चा क्रँक. ४.०३० बोअर आणि ३.७५ स्ट्रोक यांचा हिशेब ३८२.७ घन इंच येतो, म्हणजे ५७३३ सीसीच्या जागी जवळजवळ ६२७१ सीसी. नुसता बोअर वाढवून ३.४८ चाच स्ट्रोक ठेवला असता तर ३५५ घन इंच झाले असते. म्हणजे ३३ घन इंचांच्या वाढीतले पाच बोअरचे, बाकी सारे क्रँकचे.

हा क्रँक तिथे बसतो का, या प्रश्नाला दोन पदर आहेत, आणि नवख्या माणसाची गल्लत बहुधा इथेच होते. पहिला प्रश्न बेअरिंगचा. १९६८ पासून ३५० च्या क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकमधल्या बेअरिंगांत फिरणारे भाग, २.४५ इंच व्यासाचे आहेत आणि रॉडच्या पिना २.१० इंचांच्या. ४०० मध्ये पिना तशाच २.१० इंचांच्या, त्यामुळे रॉड दोन्हीकडे चालतात. पण मेन जर्नल २.६५ इंचांचे. म्हणून ४०० चा क्रँक ३५० मध्ये घालण्यापूर्वी त्याचे पाचही मेन जर्नल ग्राइंड करून ०.२० इंचांनी बारीक करावे लागतात. त्यात क्रँकची थोडी ताकद जाते. क्रँकच्या बाजूने पाहिले तर मेन जर्नल आणि पिन यांची वर्तुळे काही भागात एकमेकांवर येतात, आणि हा सामाईक भाग जितका मोठा तितका क्रँक वाकायला कठीण. ४०० मध्ये तो अर्धा इंच आहे, ग्राइंड केल्यावर ०.४० इंच उरतो. ३५० च्या मूळ क्रँकमध्ये तो ०.५३५ इंच होता. रस्त्यावरच्या गाडीला हे पुरते. मिनिटाला सात हजारांच्या वर फेरे घेणाऱ्या शर्यतीच्या इंजिनाला ओतीव क्रँकवर इतका विश्वास टाकणे धाडसाचे आहे.

दुसरा प्रश्न उंचीचा, आणि तो सगळ्या विषयाचा गाभा आहे. पिस्टन सर्वांत वर असताना क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या सपाटीपर्यंतच्या अंतरात तीन मापे एकावर एक उभी राहतात: स्ट्रोकचा अर्धा भाग, रॉडची लांबी, आणि पिस्टनमधल्या गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. स्मॉल-ब्लॉकमध्ये हे एकूण अंतर ९.०२५ इंच आहे. ३५० मध्ये १.७४, ५.७० आणि १.५६ मिळून ९.०० होतात, पिस्टन सपाटीच्या किंचित खाली थांबतो. आता त्याच रॉडवर आणि त्याच पिस्टनखाली ४०० चा क्रँक ठेवला, तर १.८७५, ५.७० आणि १.५६ मिळून ९.१३५ इंच भरतात. पिस्टन ब्लॉकच्या वर ०.११ इंच येतो आणि हेडवर आपटतो. ४०० मध्ये हे झाले नाही, कारण शेव्हरोलेने तिथे रॉडच आखूड केला होता: ५.५६५ इंच. १.८७५, ५.५६५ आणि १.५६, बेरीज पुन्हा ९.००.

या एका बेरजेतून ३८३ बांधण्याच्या वाटा फुटतात. ४०० चा क्रँक त्याच्या आखूड रॉडांसकट उचलला, तर वर ३५० साठी मिळणारे साधे ओव्हरसाइझ पिस्टन चालतात. सुरुवातीच्या काळात भंगारातून इंजिन जमवणाऱ्यांनी हीच स्वस्त वाट धरली. रॉड ५.७० चेच ठेवायचे, तर पिन वर सरकवलेला, १.४२५ इंच उंचीचा खास पिस्टन लागतो. मागणी वाढल्यावर पिस्टन बनवणाऱ्यांनी तो तयार मिळेल अशी सोय केली. पुढे सहा इंचांचे रॉड आणि १.१२५ इंचांचे बुटके पिस्टनही आले. तिन्ही वाटांनी घनक्षमता तीच मिळते. फरक रॉडच्या तिरपेपणात आहे. रॉडची लांबी स्ट्रोकने भागली तर ३५० मध्ये १.६४ येतात, आखूड रॉडच्या ३८३ मध्ये १.४८, आणि सहा इंची रॉडने १.६०. हा आकडा जितका खाली, तितका रॉड जास्त तिरपा होऊन पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो, आणि झीज व घर्षण वाढते. लांब रॉडचे गुण सांगणारे लोक कधीकधी त्यात चमत्कार पाहतात. तसे काही नाही. पण पिस्टन, रॉड दोन्ही नवेच घ्यायचे असतील तर आखूड रॉड निवडण्याचे कारणही उरत नाही.

बेरीज जुळली म्हणजे इंजिन फिरेल असे नाही. पिनच्या फेऱ्याची त्रिज्या आता ०.१३५ इंचांनी वाढली आहे, आणि रॉडचे बोल्ट त्या फेऱ्याच्याही बाहेर असतात. ते वर येताना कॅमशाफ्टच्या लोबजवळून जातात आणि बाजूला जाताना ब्लॉकच्या खालच्या कडेला, जिथे ऑइल संप बसतो तिथे, घासू शकतात. म्हणून ब्लॉकच्या कडेला आणि सिलिंडरच्या तळाला ग्राइंडरने खाचा पाडाव्या लागतात, कधी रॉडचा खांदा किंवा बोल्टचे डोके उतरवावे लागते. किमान ०.०५० ते ०.०६० इंच मोकळी जागा सगळीकडे असावी, असा रिवाज आहे, कारण तापल्यावर आणि वेगात सगळे भाग थोडे ताणले जातात. त्या कडेच्या पलीकडे पाण्याचे कप्पे असतात. खाच जास्त खोल गेली तर ब्लॉक फुकट जातो, आणि हे कळते ते इंजिन जोडून पाणी भरल्यावर.

समतोलाचा मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही. जुन्या ३५० च्या क्रँकवर सगळी प्रतिवजने आतच आहेत. ४०० मध्ये मोठ्या धावेचा क्रँक लहान क्रँककेसमध्ये मावावा म्हणून प्रतिवजने पुरेशी मोठी करता आली नाहीत, आणि उरलेले वजन पुढच्या डॅम्परवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर टाकले गेले. त्यामुळे ४०० चा क्रँक घेताना त्याचा डॅम्पर आणि फ्लायव्हीलही घ्यावे लागते. ३५० चे साधे डॅम्पर-फ्लायव्हील लावून चालू केलेले ३८३ थरथरते आणि मेन बेअरिंग खाऊन टाकते. त्यात १९८६ पासून शेव्हरोलेने क्रँकच्या मागच्या टोकाचे ऑइल सील दोन तुकड्यांऐवजी एकसंध केले, म्हणून त्यानंतरच्या ३५० च्या ब्लॉकमध्ये जुना ४०० चा क्रँक सरळ बसत नाही. घराणे तेच, उंची तीच, पण मागचे टोक वेगळे.

याच दोन इंजिनांचे भाग उलटे जोडले तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. ४०० चा मोठ्या बोअरचा ब्लॉक ०.०३० इंच बोअर करून त्यात ३५० चा क्रँक घातला की ३७७ घन इंच होतात. इथे क्रँक लहान आणि ब्लॉकची घरे मोठी, म्हणून ग्राइंडिंगऐवजी जाड बेअरिंग किंवा मधले कडे लागते. ३७७ ची क्षमता मूळ ४०० पेक्षा कमी, तरी शर्यतीत त्याला मागणी होती. मोठ्या बोअरमुळे मोठ्या व्हॉल्व्हना श्वास घ्यायला जागा मिळते आणि लहान स्ट्रोकमुळे फेरे जास्त घेता येतात. ३८३ चा स्वभाव याच्या उलट: खालच्या फेऱ्यांत भरपूर टॉर्क, वर मात्र लवकर दमणारा.

त्या स्वभावाचे कारण गणितात दिसते. मिनिटाला ६००० फेऱ्यांना ३५० मधल्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.७ मीटर असतो, ३८३ मध्ये १९, आणि ३०२ मध्ये अवघा १५.२. धाव वाढली की त्याच फेऱ्यांना पिस्टन, रिंगा आणि रॉड यांच्यावरचा ताण वाढतो, त्यामुळे वरची मर्यादा खाली येते. दुसरीकडे, हेडमधली वाट आणि कार्ब्युरेटर जुन्याच मापाचे राहिले तर मोठ्या सिलिंडरला पुरेशी हवा मिळत नाही. जी कॅमशाफ्ट लहान इंजिनात आक्रमक वाटत होती तीच मोठ्यात सौम्य भासते. क्षमता सुमारे ९.४ टक्क्यांनी वाढली म्हणून कमाल शक्तीही तेवढीच वाढेल, अशी अपेक्षा म्हणूनच खोटी ठरते. वाढतो तो टॉर्क, आणि तो लवकर, कमी फेऱ्यांना मिळतो. ट्रकला किंवा जड गाडीला हवे असते तेच.

कॉम्प्रेशन रेशोही आपोआप चढतो. समजा ३५० चा रेशो ९ आहे. प्रत्येक सिलिंडरची धाव-क्षमता सुमारे ७१७ सीसी, म्हणजे पिस्टन वर असताना वर उरलेली जागा साधारण ९० सीसी. हीच जागा कायम ठेवून सिलिंडर ७८४ सीसीचा केला, तर रेशो पावणेदहाच्या आसपास जातो. साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊ लागते. म्हणून अशा मेळात माथ्यावर खळगा असलेले पिस्टन घेतात किंवा मोठ्या पोकळीचे हेड निवडतात. क्रँक आणि पिस्टन यांवर सगळा खर्च करून हा हिशेब न मांडणारे लोक नंतर हेड गॅस्केट बदलत बसतात.

इतर देशांतल्या घराण्यांतही हीच बेरीज लागू पडते, फक्त मापे मिलिमीटरमध्ये असतात. बीएमडब्ल्यूच्या एम-२० या सहा सिलिंडरी इंजिनात २.५ लिटरचे रूप ८४ बोअर आणि ७५ स्ट्रोकचे होते, रॉड १३५ मिलिमीटरचे. इंधन वाचवण्यासाठी काढलेल्या, संथ फिरणाऱ्या २.७ लिटरच्या ‘ईटा’ रूपात बोअर तोच, स्ट्रोक ८१ आणि रॉड १३० चे. ईटाचा क्रँक आणि रॉड घेऊन त्यावर २.५ चे पिस्टन घातले तर बेरीज २ मिलिमीटरने कमी भरते; पिस्टन सपाटीखाली राहतात आणि कॉम्प्रेशन पडते. १३५ चेच रॉड ठेवले तर पिस्टन ३ मिलिमीटर वर येतात. दोन्हीपैकी एकही चालत नाही, म्हणून खास पिस्टन तरी लागतात किंवा ब्लॉकची सपाटी उतरवावी लागते. डॅटसनच्या एल-मालिकेतला मेळ आणखी गमतीचा आहे. २८० झेड मोटारीतल्या एल-२८ पेट्रोल इंजिनाचा स्ट्रोक ७९ मिलिमीटर, आणि त्याच घराण्यातल्या एलडी-२८ या डिझेलचा ८३. डिझेलचा दणकट क्रँक पेट्रोलच्या ब्लॉकमध्ये घातला की ८६ च्या मूळ बोअरवरही २७५३ सीसीचे २८९३ सीसी होतात. ही डिझेल इंजिने अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅक्सिमा मोटारीत विकली गेली होती. ती भंगारात निघाल्यावर त्यांच्या क्रँकला डिझेलवाल्यांपेक्षा झेड-वाल्यांकडून जास्त भाव येऊ लागला.

होंडाच्या बी-मालिकेत नाते असूनही न जुळणारी मापे दिसतात. बी-१६ आणि बी-१८ या दोघांचाही बोअर ८१ मिलिमीटर, हेडचे बोल्ट जुळणारे, नावही शेजारचे. पण बी-१८ चा ब्लॉक साधारण ८ मिलिमीटर उंच आहे. त्याचा ८७ ते ८९ मिलिमीटरचा क्रँक बुटक्या बी-१६ मध्ये घालणे म्हणजे पिस्टनला जागाच न ठेवणे. म्हणून होंडावाले क्रँक हलवत नाहीत, हेड हलवतात. सीआर-व्ही मधले ८४ बोअर आणि ८९ स्ट्रोकचे, १९७३ सीसीचे बी-२० इंजिन खाली ठेवून वर बी-१६ चे, व्हॉल्व्हची उघडझाप फेऱ्यांनुसार बदलणारे व्हीटेक हेड चढवतात, आणि व्हीटेकला लागणाऱ्या तेलासाठी ब्लॉकपासून हेडपर्यंत वेगळी नळी टाकतात. व्हीटेकचे हेड ८००० फेरे मागते. ८९ मिलिमीटर धावेला तेवढ्या फेऱ्यांत पिस्टनचा वेग सेकंदाला २३.७ मीटर होतो, आणि शांत कौटुंबिक गाडीसाठी बनवलेले रॉडचे बोल्ट तिथे तुटतात. इंजिनाचा वरचा अर्धा भाग एका कामासाठी आणि खालचा दुसऱ्या कामासाठी बनवलेला असला की दुबळा भाग आधी बोलतो.

भारतात अशा इंजिनाला कायद्याची अडचण आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातली माहिती उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकच लावला. घनक्षमता ही आरसी बुकावर छापलेली असते. खासगी मोटारींच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ताही १००० आणि १५०० सीसीच्या टप्प्यांवर ठरतो. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असल्याने आतला क्रँक बदललेला बाहेरून दिसत नाही, पण अपघातानंतर इंजिन उघडले गेले तर विमा कंपनीपुढे मालकाकडे उत्तर नसते.

अमेरिकेत दरम्यान भंगारातल्या क्रँकची गरजच कमी होत गेली. ४०० चे उत्पादन १९८० मध्ये थांबले, चांगले क्रँक दुर्मीळ झाले, आणि ३५० च्या मेन मापाचे, ३.७५ इंच धावेचे नवे क्रँक दुकानांत मिळू लागले. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिनेही स्वतः ३८३ बांधून पेटीबंद विकले. हौशी लोकांचा मेळ पुन्हा कंपनीच्या यादीत आला. नव्या पिढीच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये सिलिंडरांच्या मध्यांमधले ४.४० इंचांचे अंतर तेवढे टिकले, ब्लॉक आणि हेड मात्र सर्वस्वी नवे आहेत. त्यातल्या ट्रकच्या ४.८ आणि ५.३ लिटर इंजिनांत कारखान्याने जुनीच बेरीज वापरलेली दिसते: ४.८ मध्ये ३.२६८ स्ट्रोकला ६.२७५ चा रॉड, ५.३ मध्ये ३.६२२ ला ६.०९८ चा. अर्धा स्ट्रोक आणि रॉड मिळून दोन्हीकडे ७.९०९ इंच. म्हणून ४.८ चे सपाट माथ्याचे पिस्टन ५.३ मध्ये घालून कॉम्प्रेशन वाढवता येते. क्षमता वाढवायची तर लोक ६.० लिटरचा चार इंची बोअरचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक घेतात, तो ०.०३० ने बोअर करतात आणि चार इंच धावेचा क्रँक घालून ४०८ घन इंच काढतात. २००६ च्या कॉर्व्हेट झेड-०६ मधल्या एलएस-७ या इंजिनात याच धावेचा कारखान्याचा क्रँक आहे, पण त्याचे पुढचे नाक तेलाच्या दुहेरी पंपासाठी लांब ठेवलेले आहे. तो साध्या ब्लॉकमध्ये घालायचा तर पुढचा पंप, कव्हर आणि डॅम्पर हे सगळे त्या नाकाला जुळवून घ्यावे लागतात.